फाटकावरची डबी

माझं कोणी ऐकलं नाही. घसा फोडून सांगत होते, धाकटी आत आहे, कुलूप घालू नका. पण मी पडले चौथी पास, आणि कॉम्प्युटरचा पडदा म्हणे कधी चुकत नाही.

मी आणि माझी धाकटी बहीण मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. तिथे प्रत्येकाच्या गळ्यात बिल्ला आणि जागोजागी ठोकलेल्या पांढऱ्या डब्या. बिल्ल्याचा आवाज कुठल्या डबीला किती मोठा ऐकू येतो, त्यावरून माणूस कुठे आहे ते वॉचमनच्या पडद्यावर ठिपक्यानं दिसतं. बसवणारा बजावून गेला होता, एकही डबी जागची हलवू नका, नाहीतर यंत्र वेड्यासारखं बोलेल.

त्या संध्याकाळी धाकटीचा ठिपका फाटकाशी होता. "बघ ताई, तुझी बहीण सटकली घरी," मुकादम मधाळ हसला आणि बर्फखोलीला कुलूप घातलं. या जिभेपायीच सगळे त्याला गोडबोल्या म्हणतात. घरी जाऊन बघते तर ती नाही. परत धावले, तर फाटक बंद आणि किल्ली त्याच्या खिशात. सकाळी दार उघडलं. आतून उघडायची कडी गोठलेली होती. पुढचं मी लिहिणार नाही.

वरचे म्हणाले, यंत्राचा दोष. झालं, यंत्राला कोण फासावर देणार?

काम मी सोडलं नाही. एका दुपारी वॉचमनकाकांनी मला खुणेनं बोलावलं. आवाज पार खाली.

"पोरी... तुझ्या ठिपक्याला चिकटून अजून एक आहे. तिचाच..."

तिचा बिल्ला तर तिच्याबरोबरच गेला होता. तेवढ्यात मानेवर गार बोटं टेकली. मासळीत गोठलेले हात माझ्या मानेवर ठेवायची तिची जुनी खोड. मी शिव्या घालायची, ती खिदळायची. तेव्हापासून मी पदर मानेवरून काढून ठेवला. भर थंडीतसुद्धा. शिव्याही द्यायची, सवयीनं. बोटं आली नाहीत की घास उतरायचा नाही.

मग एक दिवस मान कोमटच राहिली. पडद्यावर बघितलं, तर धाकटी फाटकाशी. धावत गेले, तिथे कुत्रंही नव्हतं. वर बघितलं, तर खिळा होता, डबी नव्हती.

डबी सापडली मुकादमाच्या केबिनमध्ये, कपाटावर, खोक्यांमागे. त्याच डबीतून मोबाइलला नेटही मिळतं; सिनेमे नीट दिसावेत म्हणून त्यानं ती कधीचीच आणून ठेवलेली. त्या कपाटामागच्या भिंतीपलीकडे बर्फखोली. म्हणजे माझी धाकटी भिंतीला टेकून आत गारठत होती, आणि डबी फाटकावरच आहे असं धरून यंत्र सांगत होतं, ती फाटकाशी आहे.

काकांनी डबी खिळ्यावर परत टांगली. पडद्यावर धाकटीचा ठिपका सरकत सरकत बर्फखोलीत गेला. तिथे तिच्याशेजारी आणखी एक उमटला. बर्फखोलीला कुलूप होतं, आणि किल्ली त्या दिवशी माझ्या मुठीत.

समोर अंगणात, रणरणत्या उन्हात, मुकादम ड्रायव्हर लोकांत चहा पीत हसत होता. बिल्ला त्याच्या गळ्यातच होता. हसताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती, बर्फखोलीत आमच्या तोंडातून निघते तशी...

त्या दिवसापासून माझी मान कोमटच आहे. तरी मी उघडी ठेवते.

"दुसरा कोण, काका?" मी विचारलं होतं.

काकांनी बाहीनं काच पुसली, पुन्हा बघितलं आणि ओठातल्या ओठात म्हणाले,

"गोडबोल्या."