ओ कोणी दिली?

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. गाडी मी चालवत होतो, आणि हाक मारायला ताईबरोबर गेलो तोही मीच.

माझं नाव सेवेरो चुकिमिया. राहतो एल आल्तोला. पाठीवर पिशव्या घेऊन जगभर फिरणाऱ्या पोरापोरींना गेली एकोणीस वर्षं मी ला पाझहून ला कुंब्रेच्या खिंडीवर नेतोय. तिथून ते सायकलवर खाली सुटतात. मी मागून गाडी घेऊन जातो. कुणी दमलं, कुणी पडलं, की उचलायचं.

स्वभावाने मी संशयी आहे. बायको म्हणते, आरशातला माणूससुद्धा तू दोनदा तपासून घेतोस. पण त्या आठवड्यात एक गोष्ट तपासायची राहिली. तीच भोवली.

ही रात्रीची गोष्ट नाही. मार्च महिना, मंगळवार, दुपारचे साडेतीन.

सुरुवात मात्र आधीच्या शनिवारी झाली.

अर्जेंटिनातल्या रोसारिओ गावच्या दोन मैत्रिणी होत्या. आयलेन बडबडी, आणि देल्फिना तिच्याहून बडबडी. खिंडीवर मी रिवाजाप्रमाणे चाकांवर आणि जमिनीवर थोडी दारू शिंपडली, तर देल्फिना म्हणते, "काका, चाकांना पाजता आणि आम्हाला नाही?"

"चाकं उलटून बोलत नाहीत," मी म्हणालो.

ती इतकी हसली की तिला धाप लागली.

पुढे तिसऱ्या वळणावर धुकं उतरलं. समोरून ट्रकचा हॉर्न आला... मग ब्रेकची किंचाळी... मग काहीच नाही.

मी धावलो. सायकलचं पुढचं चाक कड्याबाहेर लटकत होतं आणि देल्फिना काठावर बसली होती. अंगावर ओरखडासुद्धा नाही. खाली बघत होती.

मी हात दिला. ती उठली, गाडीत बसली.

पण बोलली नाही.

रविवारीही नाही. सोमवारीही नाही. लॉजवर डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, सगळं ठीक आहे, आराम करू द्या. मंगळवारी सकाळी आयलेनचा रडत फोन आला.

"काका, ती मला ओळखते. पाणी दिलं तर पिते. पण ती... ती आत नाहीये."

आमच्याकडे हे लहान पोरालाही कळतं. माणूस जबर दचकला की त्याचा आजायू, म्हणजे आतला जीव, तिथेच पडतो. शरीर घरी येतं, आजायू वळणावर बसून राहतो. त्याला नावाने हाक मारून आणावं लागतं.

माझी थोरली बहीण तेओफिला हे जाणते. ती आली आणि तिने एकच गोष्ट मागितली. दचकली तेव्हा अंगावर होतं ते कापड.

आयलेनने खुंटीवरचं निळं जाकीट काढून दिलं. ताईने ते घडी करून छातीशी धरलं. आमच्यात एक जाकीट माणूस दहा वर्षं वापरतो. ज्याच्या अंगावर असतं त्याचंच ते असतं. मग विचारायचं काय?

मीही विचारलं नाही.

वळणावर पोहोचलो. त्या रस्त्यावर भटकी कुत्री पावाच्या तुकड्यासाठी जागोजागी बसलेली असतात, गाडी दिसली की मागे धावतात. त्या दिवशी एकही नव्हतं.

ताईने जाकीट जमिनीवर पसरलं, वर साखर टाकली आणि कड्याकडे तोंड करून हाक मारली.

"हुताम, देल्फिना! हुताम!" आमच्या आयमारा भाषेत, ये. "तिथे बसू नकोस गं. गारठशील. घरी सूप गरम आहे."

मग जाकीट उचलून ती माझ्या पुढे चालू लागली. मागे वळून बघायचं नसतं. हाक मारणाऱ्याने चालता चालता विचारायचं आणि सोबतच्याने आजारी माणसाच्या वतीने ओ द्यायची, असा रिवाज.

"येतेस ना, देल्फिना?" ताईने विचारलं.

मी ओ द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात...

"हुतास्कतवा."

येतेय.

आवाज कोरडा होता. घसा बसल्यासारखा. धुक्यात दिशा कळेना. मला वाटलं, ताईनेच घाईघाईत ओ देऊन टाकली. तिला धीर कधी नव्हताच.

गाडीपर्यंत तिने आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ओ आली.

गाडी सुरू केल्यावर ताई म्हणाली, "ओ वेळेवर दिलीस हो. पण आवाज कसला काढलास? कोंबडी गिळल्यासारखा!"

"मी कुठे दिली? तूच दिलीस ना?"

ताईने जाकीट मांडीवर घट्ट धरलं.

"गाडी चालव," ती म्हणाली.

"ताई, पण..."

"नाव देल्फिनाचं घेतलं ना मी? मग दुसरं कोण येणार? चालव!"

तरी सगळा रस्ता माझी नजर मागच्या सीटकडे जात होती. सीट रिकामी होती. मला मात्र ती रिकामी वाटत नव्हती.

लॉजवर ताईने देल्फिनाला ते जाकीट घातलं. तिने एक लांब श्वास घेतला आणि उठून बसली.

"भूक लागलीय."

आयलेन तिच्या गळ्यात पडून रडली. माझा जीव भांड्यात पडला.

ताईने चुन्योचं सूप आणलं होतं. चुन्यो म्हणजे कडाक्याच्या थंडीत वाळवलेले काळे बटाटे. परदेशी पोरं ते चमच्याने बाजूला सारतात. देल्फिनाने सगळे खाल्ले. मग उकडलेला बटाटा घेतला आणि न बघता, अंगठ्याच्या नखाने, एका दमात सोलला.

माझी आई असाच सोलायची.

"बघा, जाकीट सोडतच नाहीये!" आयलेन हसत म्हणाली. "आणि गुरुवारीच तर घेतलं, तुमच्या एल आल्तोच्या बाजारातून. जुन्या कपड्यांच्या ढिगातून ओढून काढलं. कुणाचं होतं देव जाणे!"

ताईच्या हातातला डाव थांबला.

बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. "दोन दिवस घातलेलं जाकीट, सेवेरो. त्याने आपल्या मालकिणीला बोलावलं."

"मग देल्फिना?"

"बसली असेल तिथेच."

आम्ही आत गेलो तर ती बुटांच्या नाड्या बांधत होती. संध्याकाळची रोसारिओची परतीची बस होती, तिला ती चुकवायची नव्हती. ताईने आयलेनला बाजूला घेऊन देल्फिनाची एखादी लहानपणापासूनची वस्तू मागितली. आयलेनने आईने विणलेली लोकरीची टोपी दिली. हाक मंगळवारी नाही तर शुक्रवारीच मारतात, म्हणून शुक्रवारी वळणावर जायचं, या टोपीवर हाक मारायची आणि टोपी रोसारिओला पाठवायची, असं ठरलं. ती डोक्यावर चढली की खरी आत येईल आणि दुसरीला निघावं लागेल.

त्यांना मी अडवलं नाही. पोरी हसतील म्हणून, असं मी ताईला सांगितलं. खरं म्हणजे मला तिची भीती वाटत होती.

गुरुवारी दुपारी रोसारिओहून फोन आला. देल्फिनाची आई.

"भाऊ, खरं सांगा, डोंगरावर काय झालं? ती आज घरी आली. जेवते, भांडी घासते. पण मला..." तिचा आवाज फुटला. "मला ती 'बाई' म्हणते. 'बाई, मीठ कुठे आहे?' माझी पोर हो ती!"

टोपीचं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं.

"थांबा," आई म्हणाली, "तीच फोन मागतेय."

थोडी खरखर...

मग तो कोरडा आवाज. आयमारात. जी भाषा देल्फिनाच्या सात पिढ्यांत कुणी बोललं नसेल.

"तिला हाक मारू नकोस."

मी फोन कानाशी आणखी दाबला.

"तिथे फार थंडी असते रे, दादा. माझ्या घरच्यांनी मला कधी हाकच मारली नाही."

आणि ती रडू लागली. हलकेच, कुणाला ऐकू जाऊ नये असं.

शुक्रवारी सकाळी ताई शाल गुंडाळून, टोपी हातात घेऊन दारात तयार बसली होती. मी तिला सांगितलं, दरड कोसळलीय, रस्ता बंद आहे.

रस्ता उघडा होता.

त्याच दुपारी मी सहा पोरांना घेऊन तिथून गेलो. तिसरं वळण संपेपर्यंत हॉर्न दाबून धरला... खालून कुणी ओ दिली तर ऐकू येऊ नये म्हणून.