टेकडीवरचा पत्ता

मोबाइलला मी नावं ठेवनार न्हाई. माझी सरिता त्याच्यामुळंच जित्ती हाय. पन आधी ऐका, मंग खुशाल मला येडा म्हना.

आमचा तांडा शिरड शहापूरच्या अल्याड. आरोग्यवाल्या बाईनं समद्यांच्या फोनात ते ॲप टाकून दिलं. अडीअडचनीला बटन दाबलं की घराच्या पत्त्यावर ॲम्ब्युलन्स. आता तांड्यात धड रेंज कुठली! ओटीपी यावा म्हनून आमी समदे टेकडीवर जाऊन उभे राहिलो, आन तिथूनच 'माझं घर' दाबून मोकळे झालो. त्या टेकडीवर आमी मेलेली लहान लेकरं पुरतो. पन समद्या तांड्याचा पत्ता आता तिथला झाला, हे कोनाच्या डोक्यातच आलं न्हाई.

सोयाबीन काढायचे दिस. सकाळचं धुकं असं दाट, की दारातला बैल दिसंना. बायको रानात गेली व्हती. सरिता चुलीसाठी ढिगातल्या वाळल्या तुराट्या काढून राहिली व्हती.

"बापू, काहीतरी चावलं," ती म्हनली. रडलीबी न्हाई लेकरू. तुराट्यांखालून इखारी मन्यार सरकताना मी पाहिली.

रेंजची एकच कांडी दिसत व्हती, तेवढ्यावर बटन दाबलं. फोनात गाडीचा ठिपका सरकू लागला.

"झोप येऊन राहिली..."

"न्हाई माय, झोपू नको. माझ्याशी बोल."

ठिपका टेकडीवर जाऊन थांबला. तवा कुठं माझी ट्यूब पेटली! फोन लावावा तर लागंना. तेवढ्यात मेसेज आला, 'रुग्ण गाडीत घेतला.' ठिपका माघारी फिरला.

सरिता तर माझ्या मांडीवर व्हती.

लुगड्यानं तिला पाठीशी बांधलं आन मोटारसायकल धुक्यात घातली. रस्त्यावरून चाललो का ढगातून, काही समजंना. ओल्या मातीचा वास नुसता. पुढं निळा दिवा दिसला. हॉर्न वाजवून वाजवून गाडी थांबवली. डायवर रत्नपाल खाली उतरला.

"दादा, बाजूला व्हा. आत साप चावलेली पोरगी हाय."

"ती तर ही हाय..."

त्यानं मागचं दार उघडलं. आत कोनीच न्हाई. स्ट्रेचरवरची चादर तेवढी मधोमध दबलेली.

"मी सोता उचलून ठेवली," तो हळू म्हनला. "लई हलकी व्हती..."

इचारत बसायला टाइम न्हवता. त्याच जागी सरिताला निजवलं आन वसमतचा दवाखाना गाठला. डॉक्टर म्हनले, आनखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती. पोरगी उठून बसली तवा मी दवाखान्याच्या पायरीवर हमसून हमसून रडलो.

घरी आनल्यावर इचारलं, "गाडीतलं काही आठवतं का, माय?"

"व्हय. ती पोरगी सरकली, मला जागा दिली. माझा हात धरला. म्हनली, भिऊ नको."

"मंग ती उतरली कुठं?"

सरितानं आपल्या हाताकडं पाहिलं. बोटं अर्धवट मिटलेली. मधी कोनाचा तरी हात बसंल, एवढी जागा.

"उतरली कुठं, बापू..." ती हळूच म्हनली. "हात सोडूनच न्हाई राहिली."