मी-रेषा

दामोदर सबनीसांचं पत्र येऊन पाच महिने झाले होते आणि बाळगोंडा चौगुले सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. यात आळसाचा भाग नव्हता. उत्तराचे सतरा खर्डे त्यांच्या पिशवीत होते आणि त्यातल्या सर्वांत छोट्या खर्ड्याला नऊ तळटिपा होत्या.

ती पिशवी मांडीवर घेऊन ते सांगलीच्या मनोमापन प्रयोगशाळेत बसले होते. डोक्यावर भावलेखकाची टोपी होती. माणसाला काय वाटतं आहे, त्याचा आलेख हे यंत्र काढायचं. ते बनवणाऱ्या डॉ. रुक्साना मुजावर समोर उभ्या होत्या.

"सर, पिशवी खाली ठेवा."

"असू दे. आधार वाटतो."

"बरं. पडद्यावर दोन रेघा आहेत. दुसऱ्याचं बरं व्हावं असं वाटलं की हिरवी चढते. मनात स्वतःचा विचार आला की तांबडी. तिला आम्ही मी-रेषा म्हणतो. दोन्ही वर असतील तर प्रेम. हिरवी वर आणि तांबडी शून्यावर, तर करुणा."

"हे मी चाळीस वर्षांपूर्वी लिहिलंय," सर हळूच म्हणाले. तांबडी रेघ टुणकन उडाली.

जैन शास्त्रांवरच्या आपल्या ग्रंथात सरांनी मांडलं होतं, की प्रेमात 'माझा' हा शब्द येतोच, म्हणून ते बंधन; करुणा मात्र 'माझा' सुटल्यावर सुरू होते. सबनीस चिपळूणचे, कीर्तनकारांच्या घरातले. त्यांनी उलट ग्रंथ लिहिला, की ज्याला कुणीच 'माझा' नाही त्याची करुणा म्हणजे नुसता शिष्टाचार. एकाच वसतिगृहात वाढलेले हे दोन मित्र तीस वर्षं एका त्रैमासिकातून भांडले. त्रैमासिक बंद पडलं तेव्हा बोलायला जागाच उरली नाही. फोनवर दोघंही नुसते खोकत.

"आता मी प्रेमानं उत्तर दिलं तर माझा ग्रंथ गेला," सर म्हणाले. "करुणेनं दिलं तर दामू पत्र फेकून देईल. त्याला कीव चालत नाही. नक्की काय आहे ते कळलं, की तसा मायना लिहीन."

"विचार करा मग त्यांचा."

सरांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं एक किलकिला केला.

"किती आलं?"

"बघू नका, सर. बघितलं की तांबडी चढते."

"इथे कुणाची करुणा निघालीय का?"

"एक मोठे महाराज आले होते. तासभर भूतदयेवर ध्यान केलं. तांबडी पडद्यात मावेना. आणि आमच्या कँटीनच्या पार्वतीबाई सहज बसल्या, तर हिरवी वर आणि तांबडी शून्यावर. मांजर पिठाच्या डब्यामागे व्यायलंय, आता पिल्लांना उचलू कुठे, एवढंच त्यांच्या डोक्यात."

अर्धा तास गेला. तांबडी खाली यायला तयार नव्हती.

"तुम्ही सबनीसांचा विचारच करत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांच्याविषयी आपल्याला काय वाटतं, याचा करताय."

"पण प्रश्न तोच आहे ना."

"प्रश्नच तांबडा आहे, सर. ते पत्र वाचून दाखवा बघू."

सरांनी चष्मा पुसला. "'बाळ्या, तू चुकतोस हे मी अजून म्हणतो. डावा डोळा गेला. उजवा दिवाळीपर्यंत टिकेल असं डॉक्टर म्हणतात. तुझं काही वाचायचं राहिलं असेल तर त्याआधी पाठव. मुंगीएवढ्या अक्षरात लिहू नकोस.'"

"दिवाळी तीन आठवड्यांवर आली."

 सरांनी पिशवीतला एक खर्डा काढून हात लांब करून धरला.

"हे त्याला कुठलं दिसायला," ते पुटपुटले. "जाड पेन आहे का हो? आमचा दाम्या सकाळी ओट्यावर बसून वाचतो. कागद गुळगुळीत नको, उन्हात चमकेल. ओळीत तीनच शब्द घेऊ. जोडाक्षरं टाळलेली बरी."

डॉक्टरांनी बाटल्यांवर नावं घालायचं जाड पेन दिलं. सर कागदावर वाकले. बराच वेळ फक्त पेनाची करकर आणि मधूनमधून "हे दिसेल त्याला" एवढंच ऐकू येत होतं. पिशवी मांडीवरून घसरून खर्डे फरशीवर पसरले, तेही त्यांना कळलं नाही.

'दाम्या, बुधवारी येतोय. रोज वाचून दाखवीन. भांडण समोरासमोर करू. बाळ्या.'

मग त्यांना यंत्राची आठवण झाली. पाहतात तो डॉक्टरांनी पडदा भिंतीकडे फिरवला होता.

"काय निघालं?"

"सांगणार नाही. सांगितलं की तुम्हाला बरं वाटेल, आणि तांबडी उडेल."

"म्हणजे ज्याची करुणा त्याला कधी कळायचीच नाही?"

"यंत्राच्या हिशेबानं नाही. एवढं सांगते, तुम्ही 'आमचा दाम्या' म्हणालात. तेव्हा ग्रंथ दुरुस्त करावे लागतील. तुमचा, आणि त्यांचाही."

"त्याचाही?" सरांचा चेहरा उजळला. "कसा काय?"

"करुणेला 'आमचा' आड येत नाही, इथे तुमचं चुकलं. आणि पार्वतीबाईंचं ते मांजर कुणाचंच नव्हतं, तरी करुणा खरी निघाली, इथे त्यांचं."

प्रयोगशाळेच्या फाटकाशी टपालपेटी होती. दामोदरही चुकला आहे, हे ताजा कलम म्हणून लिहावं असं सरांना फार वाटलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. एवढ्या मोठ्या अक्षरांनी कुठे जागाच ठेवली नव्हती. त्यांनी पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.