वाळायला पाच मिनिटं

संध्याकाळी तू मोटरसायकलचं पंक्चर काढलंस ना, ते मी गॅलरीतून बघत होतो. बोलणार नव्हतो. पण सकाळी ती गाडी तुझी बहीण नेणार आहे, म्हणून माझ्या साडूची गोष्ट सांगतो. झालेली आहे, रचलेली नाही. ते दार आधी लोटून घे.

साडू म्हणजे पक्का मिस्त्री. तीस वर्षं गॅरेज चालवलं. लावलेल्या प्रत्येक पॅचवर खिळ्यानं बारीकसा त्रिकोण कोरायचा. म्हणायचा, "ही माझी सही. पॅच निघाला तर मला येऊन विचारा." पन्नाशीनंतर त्याला परदेशात मोटरसायकलवर फिरायची हौस आली. बायकोनं नको म्हणून बघितलं, पण ऐकतोय कोण.

तर एका मंगळवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, हा डोंगराचा रस्ता चढत होता. वरचं लॉज आठला बंद होणार. थंडी मरणाची, पोटात सकाळपासून काही नाही. वाटेत पांढऱ्या दगडापाशी एक म्हातारा मोटरसायकल घेऊन उभा. पुढचं चाक बसलेलं, आणि त्याला उतरायचं होतं खाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पंक्चर कळायला भाषा कशाला लागते? साडू थांबला. चांगल्या मनानंच थांबला, हे आधी सांगून ठेवतो.

ट्यूब काढली, भोक शोधलं, घासलं, सोल्यूशन लावलं. आता ते वाळू द्यायचं. पाच मिनिटं. ओल्यावरच पॅच दाबला तर धरल्यासारखा वाटतो, आणि चाक तापलं की सरकतो. हे त्याला माहीत नव्हतं? गॅरेजमधल्या पोरांना कान धरून शिकवलं होतं त्यानं. म्हाताऱ्यालाही माहीत होतं. त्यानं पाच बोटं वर केली. थांबू या, म्हणून.

साडूनं घड्याळ बघितलं आणि पॅच दाबून टाकला. सवयीनं त्रिकोण कोरला, चाक बसवलं. "काही होत नाही, जा," असा हात केला. म्हाताऱ्यानं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि उताराला लागला. साडूला तेव्हाच लाज वाटली होती. पोटभर जेवल्यावर जरा कमी झाली.

गुरुवारी तो त्याच रस्त्यानं परत निघाला. निघायलाच उशीर झालेला. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी पुढचं चाक बसलं. पांढरा दगड शेजारीच होता.

टॉर्च तोंडात धरून त्यानं ट्यूब काढली. खालून कुणीतरी चालत आलं. समोर उकिडवं बसलं.

तोच म्हातारा.

साडूला इतकं हायसं वाटलं, की तो आपल्याच भाषेत बोलून गेला, "अहो, पोचलात ना नीट?"

समोरून नुसता हात पुढे आला.

म्हाताऱ्यानं ट्यूब घेतली. घासली. सोल्यूशन लावलं. मग पाच बोटं वर केली.

आणि थांबला.

थंडीनं साडूच्या तोंडातून वाफ येत होती. म्हाताऱ्याच्या... नव्हती येत.

एक मिनिट. दोन. बोटं तशीच. साडूला त्याच्याकडे बघवेना. मान खाली घालून एवढंच म्हणाला, "चुकलं माझं."

तीन... चार...

पाच मिनिटं झाली. पॅच बसला. साडूनं चाक लावलं, हवा भरली, वर बघितलं. रस्ता मोकळा.

पुढे तिसऱ्या वळणावर कठडा तुटलेला होता. तिथे दोरी बांधलेली, नवी कोरी. साडू थांबला नाही. खालच्या गावात कुणाला विचारलंही नाही. विचारलं असतं, तर ती ट्यूब कुणी लावली तेही सांगावं लागलं असतं. मला सांगताना इथे येऊन तो रडला. भुताला भिऊन नाही रे. त्या म्हाताऱ्याची घरी कोण वाट बघत होतं, हेसुद्धा आपण विचारलं नाही, म्हणाला.

घरी येऊन त्यानं पंक्चरची डबी उघडली, तर आत एक निघालेला पॅच. वर त्रिकोण. त्यानंतर साडूनं कधी पंक्चर काढलं नाही. गॅरेज विकलं आणि डबी माझ्याकडे दिली. त्याला आता नऊ वर्षं झाली.

ही बघ ती डबी. उघड. पॅच उलटा कर, आणि बोट लाव.

...

ओलं लागतंय ना?