रुमालाआडचं खोटं

जिन्याच्या वळणावर ती उतरत होती आणि तो चढत होता. तिच्या तोंडावर रुमाल, त्याच्या कवेत नव्याने बांधलेली चार रजिस्टरं. वाट द्यायची म्हणून दोघं भिंतीकडे सरकली, मग दोघंही कठड्याकडे... आणि थांबली.

"तुम्ही इथे?" बाइंडर म्हणाला.

या इमारतीत पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता, दुसऱ्यावर त्वचेचा. ती दुसऱ्यावरून येत होती.

"दात... दात दाखवायला आले होते," ती रुमालाआडून पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"दात दाखवायला."

"काय?"

खोटं एकदा बोलणं सोपं. दुसऱ्यांदा जीभ अडखळते. तिसऱ्यांदा तेच खोटं, आणि तेही ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला त्याच्यासमोर... तिच्याच्याने होईना. अंग चोरून ती त्याच्या बाजूने निसटली. मागून पुन्हा आवाज आला, "अहो, काय म्हणालात?" कळलंय याला, तिला वाटलं. मुद्दाम वदवून घेतोय.

ती वाचनालयात देवघेवीच्या खिडकीशी बसायची. दर गुरुवारी बाइंडर फाटकी पुस्तकं न्यायचा, बांधलेली आणायचा. पुठ्ठ्याला खळ, खळीला हात, हाताला सबुरी... त्याच्याकडून आलेलं पुस्तक उघडताना कुरकुरतसुद्धा नसे. आवाज मात्र खणखणीत. त्याने "नमस्कार" म्हटलं की कोपऱ्यातले पेपर वाचणारे आजोबा चष्म्यावरून डोळे वटारायचे. 'शांतता राखा' ही पाटी नेमकी तिच्याच डोक्यावर. मग ती ओठांवर बोट ठेवायची आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलायची. चार महिने असंच चाललं होतं. पुस्तकांवरून चहावर, चहावरून लहानपणच्या खोड्यांवर गप्पा सरकत गेल्या, आणि तिचा गुरुवार बुधवारपासूनच सुरू व्हायला लागला.

एकच सलायचं. तो डोळ्यांत बघत नसे. बघायचा ते ओठांकडे, टक लावून. आणि ओठ तरी कसले? "देवाने नुसती पेन्सिल टेकवली आणि उठला," मामी थट्टेने म्हणायची. मामी विसरून जायची. ही मात्र ते वाक्य उशाशी घेऊन झोपायची.

ओठ भरीव करायचं इंजेक्शन देताना डॉक्टरबाईंनी घाई केली नव्हती. फुगवटा उतरायला दोन आठवडे, त्या म्हणाल्या होत्या. नको झालं तर विरघळवता येतं, पण तेही सुईनेच. कातडी पांढुरकी पडली किंवा दुखणं वाढत गेलं तर तासाचाही उशीर करायचा नाही, तडक यायचं. मग त्यांनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या वगैरे चालू आहेत? काही गोळ्यांनी काळंनिळं पडतं." डोकेदुखीच्या गोळ्या ती आठवडाभर घेत होती. तारीख पुढे जाईल म्हणून "नाही" म्हणाली. "आणि हे कुणासाठी करतेयस?" "माझ्यासाठीच." तेव्हा कुठे त्यांनी सीलबंद सिरिंज काढली, लेबल तिला वाचायला दिलं आणि तिच्यासमोर सील तोडलं.

बाईंशी बोललेलं पहिलं खोटं ओठाच्या डाव्या कोपऱ्यात निळंजांभळं उमटलं होतं. आज तपासताना बाईंनी ते पाहिलं. "गोळ्या घेत होतीस ना?" एवढंच विचारलं. दुसरं खोटं बाईंना दिसलं नाही... पण आत तेच जास्त ठणकत होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. ती मास्क लावून बसली.

"सर्दी झालीय?" बाइंडरने विचारलं.

"पुस्तकं ठेवून जा," ती मास्कमधूनच म्हणाली.

तो हलला नाही. खिडकीतली एक कोरी चिठ्ठी ओढून त्यावर लिहू लागला. अक्षर शिवणीच्या टाक्यांसारखं, नेटकं.

*मला ऐकू येत नाही. बारा वर्षांचा असताना तापात कान गेले. लोकांचे ओठ वाचतो. काल म्हणून विचारत होतो.*

आणि खाली, थांबत थांबत...

*सांगायची लाज वाटली. इथे सगळेच आवाजाशिवाय बोलतात. तुमच्यासमोर मी बहिरा नव्हतो.*

तिने चिठ्ठी दोनदा वाचली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती ज्याला दोष शोधणं समजली होती, ते ऐकणं होतं. चार महिने हा माणूस तिच्या ओठांच्या ओंजळीतून तिचं बोलणं पीत आला होता, आणि तिने ओंजळच सुजवून ठेवली होती.

तिने मास्क काढला. त्याची नजर निळ्या कोपऱ्यावर थबकली.

"तुम्ही सारखे ओठांकडे बघायचात," ती बिनआवाजी बोलली. "मला वाटलं, तुम्हाला ते बारीक वाटतात. म्हणून..."

सुजलेले ओठ धड मिटेनात.

"पहिलं कळलं," तो म्हणाला. "पुढचं नाही."

तिथेच सोडता आलं असतं. पण खोट्यांचा तिला वीट आला होता. तिने पुन्हा सांगितलं... हळू, शब्द शब्द सुटा करून. कानशिलं भाजत होती.

"माझ्यामुळे?" तो म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदाच इतक्या हळू की तिलाच त्याच्या ओठांकडे बघावं लागलं. "मीच आधी सांगायला हवं होतं."

दोन आठवड्यांनी फुगवटा उतरला. ओठ आधीपेक्षा जरासे भरीव, एवढंच. "राहू द्यायचं की विरघळवायचं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "अजून ठरवलं नाही," ती म्हणाली. "पण या वेळी खरंच मीच ठरवणार आहे."

त्या गुरुवारी बाइंडरने पुस्तकं ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि मुळीच आवाज न करता काहीतरी म्हणाला.

"काय म्हणालात?" तिने ओठ हलवले.

तो कानापर्यंत लाल झाला. पुन्हा म्हणाला.

"काय?"

तिसऱ्यांदा म्हणाला. कोपऱ्यात पेपर खाली आला.

"अहो, तिला पहिल्याच वेळी कळलंय," आजोबा म्हणाले. "छळतेय ती तुम्हाला."

बाइंडरची पाठ त्यांच्याकडे होती. पण तिची नजर मागे गेलेली त्याने पाहिली. "काय म्हणाले आजोबा?"

तिचा हात सवयीने तोंडाकडे गेला... अर्ध्यावर थांबला, आणि खाली आला. मग उजेडाकडे तोंड करून, त्याला नीट दिसेल असं, तिने आजोबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.