सुभद्राकाकूंचा कॉम्प्युटर

ही गोष्ट मी रचलेली नाही. ज्यांना रचलेली वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं.

माझी मावसबहीण दीक्षा हिच्यासोबत हे घडलं. तिनं मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं की ती विषय बदलते.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्येची रात्र लागते. ही मात्र भर दुपारची आहे. मागच्या वर्षीचा मे महिना, गाव नांदगाव खंडेश्वर. वऱ्हाडातली मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली आहे त्याला जास्त सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

दीक्षाचं अमरावतीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. राहते बडनेऱ्याला. वडील रेल्वेत होते, ते केव्हाच गेले. भाऊ पुण्यात. आणि तिची आई, माझी मनकर्णामावशी, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून दीक्षा घरात एकटी. दिवसभर लोकांच्या मशीन दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी कुलूप उघडून अंधारात बटण चाचपायचं.

'आली काय व?' म्हणणारं कुणी नाही.

अशातच तिला सुभद्राकाकूंचे फोन यायला लागले. नांदगावच्या, साठीच्या बाई, घरात एकट्याच. कुणाकडून तरी दीक्षाचा नंबर मिळालेला.

"बाई, कॉम्प्युटर जपावं कसं व?"

दीक्षानं नेहमीचं सांगितलं. खिडकीपाशी ठेवू नका, धूळ जाते. भिंतीला अगदी चिकटवू नका, मागून गरम हवा निघायला जागा पाहिजे. बंद असला की कापड टाका, चालू असताना टाकू नका. विजा चमकायला लागल्या की प्लगच काढून ठेवा.

काकू सगळं ऐकायच्या आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन करायच्या. "लाइट कमी-जास्त होऊन राह्यली, बंद करू काय?" "मुंगी गेली आत, काही होते काय?" काम अर्ध्या मिनिटाचं असायचं. बोलणं लांबायचं. दीक्षालाही ते बरं वाटायचं. रोज कुणीतरी तिचं नाव घेऊन बोलत होतं.

एकदा काकू म्हणाल्या, मशीन लई घुरघुरते.

"जुना झाला असन काकू. नवीन घ्या. मी सांगतो कोनता घ्याचा ते."

"नाई व. नवीनमंदी माही पोरगी नाई न."

दीक्षा समजली. मुलीचे फोटो असणार, व्हिडिओ असणार.

"मंग बॅकअप घ्या काकू. सारं दुसरीकडं उतरवून ठेवा. मशीनचा काही भरोसा नसते. आज हाये, उद्या नाई."

"मले कुठं येते ते? तूच ये न व."

म्हणून ती गेली. तोंडाला स्कार्फ बांधून, पिशवीत धूळ उडवायचा ब्लोअर, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक रिकामी हार्डडिस्क घेऊन.

घर गावाच्या टोकाला होतं. काकूंनी माठातलं पाणी दिलं, मग आतल्या खोलीत नेलं. खोली स्वच्छ होती. टेबल भिंतीपासून हातभर पुढं ओढलेलं, खिडकीला जाड पडदा. दीक्षानं फोनवर सांगितलेलं सगळं त्या बाईनं तंतोतंत पाळलं होतं.

टेबलाच्या वर एका मुलीचा फोटो. हसरी, पंचविशीची.

फोटोला हार होता.

"आकांक्षा," काकू म्हणाल्या. "हैदराबादले होती नोकरीले. दोन वर्सं झाले."

दीक्षानं फोटोला हात जोडले. तिच्याही घरी तसाच एक फोटो होता.

कॉम्प्युटर चालू होता. पंख्याची घुरघुर येत होती. स्क्रीनवर एक खोली दिसत होती. खिडकी, पडदा आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची.

खुर्ची रिकामी...

"पानी प्याले गेली असन," काकू म्हणाल्या. "येते आता."

दीक्षाला वाटलं, जुना रेकॉर्ड केलेला व्हिडिओ असेल. बिचारी तोच रोज पाहत असेल. तिनं हार्डडिस्कची वायर पुढं लावली. दिवा लागला नाही. मागं लावायला गेली तर हाताला जागाच लागेना. म्हणजे कॅबिनेट उघडून आतूनच डिस्क काढावी लागणार.

"काकू, बंद करा लागते थोडा वेळ."

काकू स्क्रीनकडे वळल्या. "आकांक्षा, दीक्षाबाई आली व. साफ करून राह्यली. घाबरू नको."

आणि स्क्रीनवरचा पडदा किंचित हलला.

दीक्षानं भिंतीवरचं बटण बंद केलं. घुरघुर थांबली. काकू चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या. दीक्षानं बाजूचे स्क्रू काढले, पत्रा सरकवला आणि ब्लोअर हातात घेतला.

आत...

आत काहीच नव्हतं.

मदरबोर्ड नव्हता. हार्डडिस्क नव्हती. पंखासुद्धा नव्हता. नुसतं पत्र्याचं खोकं. एका कोपऱ्यात कुंभारमाशीनं बांधलेलं मातीचं घर होतं, तेही जुनं, फुटलेलं. मॉनिटरची वायर मागच्या भोकातून आत आली होती आणि तिचं टोक हवेत लोंबत होतं.

दीक्षानं आत हात घातला.

पत्रा गरम होता.

"लई कचरा निंघाला काय व?" तिकडून काकूंनी विचारलं.

"नाई... साफच हाये काकू."

तिनं पत्रा जागेवर सरकवला. स्क्रू पुन्हा लावले. काकू चहा घेऊन आल्या.

"चालीन न अजून?"

काय सांगणार? त्या बाईच्या डोळ्यांत सगळा जीव गोळा झाला होता.

"चालीन," दीक्षा म्हणाली.

काकूंनी स्वतःच बटण दाबलं. घुरघुर सुरू झाली. रिकाम्या खोक्यातून, पंखा नसलेल्या. स्क्रीन हळूहळू उजळला.

पण खोली ती नव्हती.

हिरवा ओटा होता. ओट्याखाली स्टीलची टाकी. भिंतीवर रेल्वेचं कॅलेंडर. दीक्षाचं बडनेऱ्याचं स्वयंपाकघर. सकाळी कुलूप लावून आली होती ती.

"दीक्षे..." आवाज आला. "एवढ्या उन्हात कायले भटकून राह्यली व?"

काकू दचकल्या. स्क्रीनजवळ वाकल्या. मग दीक्षाकडं पाहून हळूच म्हणाल्या,

"हे कोन व? हा माह्या पोरीचा आवाज नोय."

दीक्षा पिशवी तिथंच टाकून पळाली. चपलासुद्धा हातात घेऊन.

संध्याकाळी तिनं काकूंच्या पुतण्याला फोन केला. अमोल त्याचं नाव, अकोल्याला असतो. काकूंनी कधीतरी त्याचा नंबर देऊन ठेवला होता.

"कोनता कॉम्प्युटर ताई?" तो म्हणाला. "तो तं मागच्या पावसाळ्यात वीज पडली तवाच जळला. मी अकोल्याले आनला होता दुरुस्तीले. आतलं सारं भंगारात गेलं. सुभद्रा मोठीआई टेबल रिकामं पाहून रडे, म्हनून खोकं तेवढं नेऊन ठेवलं. वायरी बी म्याच खोसल्या, खोट्या-खोट्या."

दीक्षानं फोन ठेवला. त्या रात्री ती स्वयंपाकघरात गेली नाही.

पुढं काकूंचे फोन येत राहिले. तिनं उचलले नाहीत. एके दिवशी मात्र राहवलं नाही.

काकू रडत होत्या.

"तुही माय रोज येते व. तुलेच इचारते. कुठं हाये, काहून येत नाई म्हनते. आकांक्षा मांगं उभी दिसते, पन तिले बोलूच भेटत नाई... मी काय करू सांग? तुही माय घेऊन जाय, पोरी. मले माही पोरगी दे."

दीक्षा रात्रभर जागी होती. भीती होतीच. पण मला ती म्हणाली, भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. आपण त्या बाईची मुलगी हिरावून घेतली, असं तिला वाटत होतं. आणि आपली आई परक्या घरात ताटकळत बसली आहे, असंही.

सकाळी तिनं दुकानातल्या मोडीतून एक चांगलं कॅबिनेट निवडलं. आत हात फिरवून पाहिलं. काही नव्हतं. तसंच गाडीवर बांधून नांदगावला नेलं. इतकी वर्षं मशीन जोडणारी ती, रिकामं खोकं जोडायला पहिल्यांदाच चालली होती.

जुनं खाली उतरवलं. नवं टेबलावर ठेवलं. वायर भोकातून आत सोडली आणि बटण दाबलं.

काही नाही.

काकू मांडीवर हात ठेवून बसून होत्या. चहा गार झाला. बाहेर उन्हात एक होला पक्षी घुमत होता, तोही थांबला.

तरी काही नाही...

"नाई येत व ती," काकू पुटपुटल्या.

आणि घुरघुर सुरू झाली.

दीक्षानं स्क्रीनकडं पाहिलं नाही. तिनं काकूंचा चेहरा पाहिला आणि कोण आलं ते तिला कळलं. जुनं खोकं उचलून ती निघाली तेव्हा काकूंचं तिच्याकडं लक्षच नव्हतं.

सुभद्राकाकू आजही आहेत. ठणठणीत आहेत. आता दीक्षाला फोन करत नाहीत.

हे सगळं ऐकल्यावर मी दीक्षाला म्हटलं, ते खोकं भंगारात दे, नदीत टाक, काही कर. ती "हो" म्हणाली.

या उन्हाळ्यात मी अकोल्याहून अमरावतीला गेले होते. दुपारची वेळ होती, म्हटलं तिच्या दुकानात डोकवावं. शटर खाली होतं. शेजारी बेबीताई शिलाई मशीनवर बसल्या होत्या.

"दुपारी नाई उघडत ते आता. जेवाले घरी जाते म्हनते," त्या म्हणाल्या. मग दोरा तोडत पुढं म्हणाल्या, "पन गाडी तं इथंच उभी असते."

मी शटरपाशी गेले. बाहेर कुलूप नव्हतं. शटर आतून लावलेलं होतं.

कान लावला. पत्रा तापलेला होता.

आत दीक्षा बोलत होती. हळू आवाजात, दिवसभराचं सांगत असल्यासारखं. कोणतं गिऱ्हाईक आलं, कोण भांडलं. मध्येच थांबायची, जसं काही कुणाचं ऐकून घेते आहे.

मग ती हसली. आई गेल्यापासून मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं.

शटर वाजवायला वर केलेला हात मी खाली घेतला. आल्या पावली परत फिरले, बेबीताईंशीही बोलले नाही. पहिली बस पकडून अकोल्याला आले.

रात्री दीक्षाचा फोन आला.

"काहून व, दारापर्यंत येऊन तशीच गेली?"

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

मग फोन कट झाला.

बेबीताईंनी सांगितलं असेल. मी स्वतःला अजूनही तेच समजावते.