एकोणीस चुकांचं भूत

"आई, चित्रकारमामांना खरंच भुतं दिसायला लागलीत!"

लेक असं म्हणाली तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. "दिवसभर जे चितारतात तेच दिसणार की! तू आधी मोजे घाल," म्हणून मी विषय उडवून लावला. एरवी पोरगी दोनदा शिंकली तरी थर्मामीटर शोधत फिरणारी मी! पण त्या दिवशी चुकले ती चुकलेच. पुढे जे घडलं ते त्या टोळीच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय, की आता जसंच्या तसं सांगते.

टोळी तिघांची. माझ्या लेकीचं टोळीतलं नाव भिंग, कारण चष्म्यावर भिंग धरून ती चित्रं बघते. दुसरा पोपट, त्याची टकळी झोपेतही चालू असते. तिसरा त्याचा धाकटा भाऊ, सात वर्षांचा ठिपका. थंडीची सुट्टी लागली होती आणि तिघांनी स्वतःला एका कामाला जुंपून घेतलं होतं.

समोरच्या इमारतीत, तळमजल्यावर ॲनिमे, म्हणजे जपानी धर्तीच्या कार्टून-मालिका, बनवण्याचा स्टुडिओ होता आणि त्याच्या वरच्या खोलीत चित्रकारमामा दिवसभर चित्रं काढायचे, रात्री घरी जायचे. 'काजळखोरी' ही पिशाचांची मांगा, म्हणजे जपानी धर्तीची चित्रकथा-मालिका, त्यांचीच! उजवीकडून डावीकडे वाचायची, अंधारलेली, अंगावर काटा आणणारी. तिचं ॲनिमे टीव्हीवर सुरू झालं आणि गल्लीतली पोरं वेडी झाली. छापायच्या आधी प्रत्येक प्रकरणाची झेरॉक्स मामा या तिघांना देत. "चुका शोधा. एका चुकीला एक चित्र बक्षीस!" ही त्यांची रीत. अकरा खंडांत मिळून तिघांना चारच चुका सापडल्या होत्या.

आणि या प्रकरणात?

"एकोणीस!" भिंग ओरडली. "इथे पिशाचाला सावली आहे! काजळखोरीतल्या पिशाचांना सावली नसते, हा मामांचाच नियम! आणि या हाताला सहा बोटं!"

"भूत आहे ते. त्याला बोटं जास्त लागत असतील," पोपट म्हणाला.

"हा हात भुताचा नाही, नायिकेच्या आजीचा आहे, दीडशहाण्या!"

"परवा मामा जिन्यात भेटले ना," ठिपका हळूच म्हणाला, "तेव्हा म्हणाले, टेबलाशी कोणीतरी येऊन उभं राहतं. डोकं ठणकतं, मळमळतं. पण जिन्यात आले की सगळं गायब."

"म्हणजे भूत दाराबाहेर येत नाही?" पोपटाने डोळे बारीक केले. "काजळखोरीतली पिशाचं तर भिंतीतून जातात! हे कसलं आळशी भूत?"

भिंग पानांचे समास बघत होती. पान सुरू केल्याची वेळ पेन्सिलीने समासात लिहायची मामांची सवय होती. तिने पानं जमिनीवर वेळेप्रमाणे मांडली.

"बघा! सकाळी नऊचं पान, रेघ कशी सुरीसारखी. दुपारी एकचं, थरथरतेय. चारचं, सावली, सहा बोटं, सगळा सावळा गोंधळ! आणि दुसऱ्या दिवशी नऊला रेघ पुन्हा सरळ!"

"रोज सकाळी बरे होतात आणि रोज दुपारी आजारी पडतात?"

"खोलीत बसले की बिघडतात. भूत मामांच्या डोक्यात नाही, खोलीत आहे! त्या खोलीत नवीन काय आलंय?"

नवीन काय, ते तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. यांच्याच चेंडूच्या गलक्याला कंटाळून स्टुडिओच्या मॅनेजरने वरच्या खिडक्या स्पंज आणि चिकटपट्टीने बुजवून टाकल्या होत्या. झरोकासुद्धा! आणि ऊब हवी म्हणून आत गॅसची शेगडी ठेवली होती.

"शाळेत मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला होता, आठवतं?" भिंग भराभर पानं गोळा करत म्हणाली. "हवा पुरेनाशी झाली की आग नीट जळत नाही. मग विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही..."

पुढचं ऐकायला कोणी थांबलंच नाही!

स्टुडिओत मॅनेजर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला होता. मालिकेचा शेवटचा भाग मामांच्या शेवटच्या पानांवाचून अडला होता.

"मामांना बाहेर काढा! शेगडीमुळे त्यांना विषबाधा होतेय!" भिंग धापा टाकत म्हणाली.

"काल चोर दिसला म्हणालात, आज विष! चला, पळा. अठरा पानं झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. आज सकाळी कुलूप मीच लावलंय."

"बाहेरून?" ठिपक्याचा आ वासलेलाच राहिला.

"अरे, धंद्यातली जुनी पद्धत आहे ती. चित्रकाराला कोंडलं की चित्रं होतात."

पोपटाने टेबलावरच्या इंटरकॉमचं बटण दाबलं. "मामा! मामा, बोला ना!" उत्तर नाही. पुन्हा दाबलं. नुसती खरखर.

"तंद्री लागली असेल त्यांची," मॅनेजरने जांभई दिली.

विनवणीने हा माणूस हलणार नाही, हे पोपटाने ओळखलं. त्याने एकदम खांदे उडवले. "चला रे. राहू दे पिशाचांना सावली. टीव्हीवर शेवटचा भाग लागला की सगळे पोट धरून हसतील. भुताच्या मालिकेला हसू! काय मजा!"

"सावली? कसली सावली?" मॅनेजर खुर्चीतून अर्धवट उठला.

भिंगने पानं त्याच्या नाकासमोर धरली. "ही बघा. आणि ही सहा बोटं. एकूण एकोणीस चुका."

"अरे देवा! आम्हाला वाटलं ही नवी शैली आहे! स्टुडिओतल्या पोरांनी रात्रंदिवस खपून थरथरीसकट सगळं हलतं केलंय!" मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. खिशातून किल्ली काढत तो दोन-दोन पायऱ्या चढत सुटला. तिघं त्याच्या मागे!

कुलूप निघालं. मामा टेबलावर डोकं टेकून पडले होते. शाईची दौत कलंडली होती आणि शेगडी पिवळ्या ज्वाळेने फुरफुरत होती.

"श्वास रोखा! आधी मामांना बाहेर!" भिंग ओरडली.

मॅनेजरने मामांना काखेतून धरलं, पोपटाने पाय उचलले. भिंगने एका दमात शेगडीची कळ फिरवली, खिडकीवरची पट्टी फर्रकन ओढली आणि बाहेर धाव घेतली. ठिपका तोवर खाली पोचून फोनवर सांगत होता, "रुग्णवाहिका पाठवा! माणूस बेशुद्ध आहे! हो, मी लहान आहे, पण खरं बोलतोय!"

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तिघांना दवाखान्यात बोलावलं. "कार्बन मोनॉक्साइड. डोकं दुखतं, भ्रम होतात आणि माणूस झोपेतच जातो. आणखी अर्ध्या तासाने आणला असता, तर माझ्या हातात काही उरलं नसतं. हे तुम्ही ओळखलंत? नुसत्या चित्रांवरून?"

"रेघेवरून," भिंग म्हणाली.

तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारत मामा पुटपुटले, "एकूण किती चुका?"

"एकोणीस!"

"आणि मी म्हणत होतो, या खेपेला भुतं काय जिवंत उतरलीत!"

हसता हसता पोपटाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला रुमाल पुढे केला तो मॅनेजरने. "पोरांनो, माझंच चुकलं," तो मान खाली घालून म्हणाला. दुसऱ्याच दिवशी स्टुडिओच्या मालकीणबाईंनी खिडक्या सताड उघडायला लावल्या, कुलूप जिन्यातून थेट कचऱ्यात गेलं आणि मालिकेचा शेवटचा भाग महिनाभर पुढे ढकलला गेला.

तो लागला तेव्हा आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एकाही पिशाचाला सावली नव्हती! शेवटी पडद्यावर नावं सरकली आणि सगळ्यात वर, चित्रकाराच्याही वर, तीन नावं झळकली: भिंग, पोपट, ठिपका. असा जल्लोष झाला म्हणून सांगू! ठिपका तर पलंगावरून उडी मारून थेट डॉक्टरीणबाईंच्या मांडीत पडला. "या डोळ्यांनी माझा जीव वाचवला," म्हणत मामांनी भिंगचा चष्मा स्वतःच्या सदऱ्याने पुसून दिला. मला मात्र लेकीकडे बघताना गहिवरून आलं आणि थोडी शरमही वाटली.

म्हणून तुम्हाला एक विचारते. तुमच्या शेजारी, वरच्या मजल्यावर, गल्लीच्या टोकाला कोणी एकटं माणूस दारं-खिडक्या लावून, शेगडी पेटवून काम करत बसतं का? हल्ली डोकं दुखतं म्हणतं का? मग हे पान इथेच मिटा, घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि आधी त्यांचं दार वाजवून या. जाल ना?